बारावी खुर्ची

ताईने साठ खोडून पंचावन्न टाकले. चौकट पुन्हा लाल झाली. ‘मागील कामगिरीपेक्षा कमी उद्दिष्ट ठेवता येणार नाही.’ तिने चौथ्यांदा तेच केलं आणि संगणकाने चौथ्यांदा तेच ऐकवलं. यंत्राशी हुज्जत घालून आजवर कुणाचं भलं झालंय?

फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घेणाऱ्या टीमची ती प्रमुख. वयाने लहान, पण सगळ्यांची ताई. पुढच्या तिमाहीचं उद्दिष्ट दुपारी बारापर्यंत भरायचं होतं. दिवसाला फोन येत सहाशे साठ. माणशी साठ धरले की खालच्या रकान्यात ‘लागणारी माणसं’ आपोआप उमटत होती: अकरा. टीम बारा जणांची होती.

बारावे मामा. दीड महिन्यापूर्वी मणक्याच्या ऑपरेशनसाठी जाताना म्हणाले होते, “ताई, खुर्ची तेवढी सांभाळा. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार मला?” ताईने शब्द दिला. सगळ्यांना गोळा करून बजावलं, “आकडा पडला तर मामांच्या जागी दुसरा माणूस येईल. एकही फोन सुटता कामा नये.” आणि पोरांनी जिवाचं रान केलं. चहा जागेवरच. डबा एका हाताने. मामांच्या वाटणीचे फोन अकरा जणांनी वाटून घेतले आणि एकही सुटू दिला नाही. ताईला तेव्हा त्यांचा केवढा अभिमान वाटला होता!

आता तोच पराक्रम तिच्या गळ्याशी आला होता. यादीत सर्वांत खाली मामांचं नाव, पुढे शून्य फोन. ऑपरेशनसाठी त्यात रकाना नव्हता.

तिने साहेबांना फोन लावला. “साहेब, पोरांनी दीड महिना श्वास रोखून धरला होता. माणूस कायमचा श्वास रोखून जगतो का?”

“आकडा मी काढलाय का?” साहेब म्हणाले. “तुमच्याच टीमने दाखवून दिलंय.”

बाराला सहा मिनिटं होती. पंचावन्न लिहिता येत नव्हते, साठ लिहवत नव्हते. चौकट रिकामी सोडली, तर बारा वाजता संगणक स्वतःच साठ भरणार होता. ताईला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात दार उघडलं. कमरेला पट्टा, हातात काठी, दाढी गुळगुळीत. मामा रजा संपायच्या एक दिवस आधीच हजर! पोरं हेडफोन उतरवून उभी राहिली. कुणीतरी त्यांची खुर्ची पुसून पुढे ओढली. मामांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“माझ्यावाचून काही अडलं नाही ना रे?”

ताई घाईने उठली. पण तिच्या आधीच अकरा जण एका सुरात ओरडले, “छे हो मामा! काही म्हणजे काही अडलं नाही!”