वासराची पेंड

आमच्या ट्रॉय शहरापासून तासाभरावरच्या फार्मवर आम्ही तिघं गेलो होतो: आई, मी आणि माझा तीन वर्षांचा शार्दूल. फार्मचा मालक सांगत होता, की नुसत्या वाळलेल्या गवताने वासरांचं पोट भरतं, पण वजन वाढत नाही. म्हणून ते सोयाबीनचं प्रोटीन सप्लिमेंट देतात. मी आईला ते मराठीत समजावायला लागले.

"पेंड म्हण की सरळ," आई म्हणाली.

वजन म्हटलं की हल्ली माझी नजर शार्दूलकडेच जाते. चार महिने त्याचं वजन जागचं हललेलं नाही. आत्ताही डब्यातला पराठ्याचा घास पुढे केला, तर म्हणाला, "नो, मम्मा."

"आई, मी नव्हते ना गं अशी?"

"तू? तू तर ताटाकडे बघायचीसुद्धा नाहीस."

"पण पेंड खायचे. शेजारच्या सामंतकाकूंच्या वासरासाठी तू घाण्यावरून शेंगदाण्याची पेंड आणायचीस. 'हात लावशील तर बघ' म्हणून फडताळात ठेवायचीस. मी रोज एक तुकडा चोरायचे. काय खमंग लागायची. तुला कधी कळलंच नाही." मग जरा अपराधी वाटलं. "बिचारं वासरू."

आईने माझ्या हातून डबा घेऊन बाकावर ठेवला आणि शार्दूलला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे त्या वासराचं आहे. कुणी हात लावायचा नाही."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सामंतांकडे वासरू कुठं होतं गं?"