मोळी उचलणारं मशीन

मशीनच्या लोखंडी हातानं उसाची मोळी उचलली, ट्रॉलीवर नेली आणि अलगद ठेवली. जमलेल्या साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. बटण दाबणारी मनकर्णा मात्र बोट तसंच धरून वर बघत राहिली.

चौसाळ्याच्या त्या शिवारात संशोधन केंद्राचा तेवढाच ऊस हिरवा होता. बाकी रान दुष्काळानं पांढरं पडलेलं. सरकार, सहकारी साखर कारखाने आणि मशीन बनवणारी एक कंपनी, सगळ्यांनी मिळून हे केंद्र काढलं होतं. ऊसतोडीच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात, ते थांबावं म्हणून हे मशीन. चाचणीला नेकनूरकडच्या बायांना बोलावलं होतं. मनकर्णासोबत तिची सून सत्यभामाही आली होती. तिला पाचवा महिना होता.

"कारखान्यांना पसंत पडलं तर हे देशभर जाईल," केंद्राचे राधाकिशन साहेब म्हणाले. माणूस मनापासून बोलत होता. "पण आधी तुमचं मत. तुम्ही चांगलं म्हणालात तरच पुढं नेऊ."

बांधावर मुकादम बंकट उभा होता. दरसाल माणसं जमवून कारखान्यावर नेणारा तोच. शेजारच्याला तो हसून म्हणाला, "हे आलं की ट्रॉली भरायला दोन गडी बास. बायांना कोण नेतंय बे?"

सत्यभामानं ते ऐकलं. सासूचा पदर धरून ती हळूच म्हणाली, "आत्या, खराब हाय म्हणा. मोळी निसटती म्हणा. गावात काम न्हाई, पाणी न्हाई. कारखान्यावर न्हाई गेलो तर खायाचं काय?"

"बोला ना मावशी," साहेब जवळ आले. "कसं वाटलं?"

मनकर्णानं सुनेकडं बघितलं. मग ट्रॉलीला टेकवून ठेवलेल्या फळीकडं बघितलं.

"चांगलं हाय, साहेब. लवकर करा."

सत्यभामाच्या हातातून पदर सुटला.

"अजून काही सांगायचंय?"

"मी फळीवरून पडले होते. पोटुशी होते तवा."

साहेबांनी पेन काढलं होतं. त्यांनी ते उघडलं, आणि काही न लिहिता तसंच बंद केलं.

परतीच्या एसटीत सत्यभामा खिडकीकडं तोंड करून बसली. मनकर्णानं तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती आक्रसली.

"माझ्यासाठी बोललात, कळतंय मला," ती म्हणाली. "पर ह्याला जन्माला आल्यावर काय खाऊ घालू, ते पण सांगा की."

मनकर्णानं हात मागं घेतला. बाहेर कोरडी रानं मागं पळत होती. कुठंतरी टँकरभोवती बायांचा घोळका दिसला आणि गेला.

सत्यभामा मान न वळवता म्हणाली, "आत्या, तवा गेलं ते पोरगा होता का पोरगी?"

"बघू न्हाई दिलं," मनकर्णा म्हणाली. "ट्रॉली भरायची ऱ्हायली होती."