टाचेखालची पट्टी

फाटक वाजलं तेव्हा सुभद्राचे दोन्ही हात पिठात होते आणि पायांत बूट होते. तेही स्वयंपाकघरात. बायजाबाईंच्या स्वयंपाकघरात.

सासूबाई भजनाला गेल्या की सहाच्या आत परतत नाहीत, या भरवशावर तिनं हे धाडस केलं होतं. आज पेटीवाली आली नसेल नाहीतर काय, त्या पाचलाच हजर. सुभद्रानं घाईघाईनं वाकून लेस ओढली. गाठ सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट बसली.

दोन वर्षांपूर्वी घरात गॅस आला आणि तिच्या नवऱ्यानं, रुपरावांनी, हौसेनं ओटा बांधला. तेव्हापासून ती उभ्यानं रांधत होती आणि तेव्हापासूनच तिची कंबर धरली होती. या पायावरून त्या पायावर भार टाकत ती कसाबसा स्वयंपाक उरकायची. आम्ही जन्मभर चुलीपुढं बसलो, आमची नाही दुखली, असं सासूबाईंचं म्हणणं. शेक, लेप, मालिश, सगळं झालं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी टेपनं पाय मोजले. डावा अर्ध्या इंचानं आखूड निघाला. उभं राहिलं की अंग एकीकडे कलतं आणि त्याची शिक्षा कमरेला, ते म्हणाले. त्यांनी डाव्या बुटात टाचेखाली चामड्याची जाड पट्टी बसवून दिली. उभ्या राहाल तितका वेळ बूट पायात हवा, नाहीतर एक दिवस खाटेवरून उठता येणार नाही, असं बजावलंही.

पण तिला उभं राहायचं होतं ओट्याशी, आणि ओट्याशेजारीच देव्हारा होता. लकडगंजातल्या दोन खोल्यांच्या घरात देवांना दुसरी जागा कुठली?

"ज्या दिवशी चामडं माह्या देवापुढं येईन, त्या दिवशी देव घेऊन मी नंदनवनले जाईन," बायजाबाईंनी सांगून ठेवलं होतं. नंदनवनला मोठा मुलगा राहायचा. बाई बोलल्या की करून दाखवायच्या. मग सुनेनं बुटापायी सासू घालवली, हे खापर सुभद्राच्या डोक्यावर फुटायला कितीसा वेळ? या विचारानं महिनाभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. बूट खाटेखाली पडून होते आणि कंबर दिवसेंदिवस जास्तच छळत होती.

बायजाबाई दारात आल्या. त्यांची नजर सरळ बुटांवर गेली.

"कवापासून उभी आहे?"

"तास झाला, आई."

"अन् कंबर?"

खोटं बोलावं असं सुभद्राच्या मनात आलं, पण जमलं नाही. "नाही दुखून राहिली," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

बायजाबाईंनी हात धुतले, ताम्हण घेतलं आणि देव्हाऱ्यातला एकेक देव उचलून त्यात ठेवायला लागल्या. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक. सुभद्रा खालीच बसली आणि पिठाच्या हातांनी लेसशी झटू लागली.

"बूट काढून राहिली मी, आई. तुम्ही जाऊ नोका."

"भाकर जळून राहिली, ते पाह्य पहिले."

ताम्हण घेऊन बाई बाहेरच्या खोलीत गेल्या. सुभद्रा भिंतीला धरून उठली आणि मागोमाग दारापर्यंत आली. बाईंनी फळीवरचा रुपरावांचा लाडका रेडिओ उचलून खाटेवर ठेवला होता. फळी पदरानं पुसून त्या तिच्यावर देव मांडत होत्या.

"देवायचं काय वं, बसवले तिथं बसतीन," मागं न पाहता त्या म्हणाल्या. "उभं राहा लागते ते तुले."