हनुवटीखालच्या दोन रेषा

"अजून थोडं खेच," हिरो तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. "गळा कसा ताठ दिसला पाहिजे."

तिनं माउस फिरवला. पोस्टरवरच्या गळ्याची शेवटची सुरकुती पुसली गेली.

"डोळ्यांखालचं?"

"काढलं, साहेब."

"केस?"

"सांगाल तेवढे. इथे केसांना काय तोटा?"

हिरो खूश झाला. साठी उलटलेली, बरीच वर्षं घरी बसून काढलेली, आणि आता कुठे एक सिनेमा मिळालेला. पोस्टरवर त्याला तिशीतला तो हवा होता.

"हात चांगला आहे हं तुझा, पोरी. कुणाकडे शिकलीस?"

"घरीच," ती म्हणाली.

घरी म्हणजे बाबांकडे. बाबा सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. परांचीवर चढून, घरापेक्षा उंच तोंडं. याच हिरोचं तोंड त्यांनी एकदा चौकात रंगवलं आणि हनुवटीखाली दोन रेषा काढल्या, कारण त्या होत्या. हिरोनं भर चौकात बोर्ड उतरवायला लावला. "या माणसाच्या हातात पुन्हा ब्रश दिसला, तर मी शूटिंगला येणार नाही," असं निर्मात्यांना बजावलं. निर्मात्यांनी हिरो ठेवला. पेंटर काय, पैशाला पासरी. उरलेली उमर बाबांनी ट्रकच्या पाट्या रंगवल्या. आई चिडायची, "दोन रेषा गिळल्या असत्या तर काय पोट फुगलं असतं?" बाबा एवढंच म्हणायचे, "होत्या."

सूड दोन तऱ्हांनी घेता येतो. एक म्हणजे समोरच्याला हवं ते द्यायचं नाही. त्यात आरडाओरडा फार. दुसरी तऱ्हा, तो मागेल ते सगळं द्यायचं आणि वर थोडं पदरचं घालायचं. तिनं पोस्टरवरच्या चेहऱ्याला पदरचा नवा जबडा घातला.

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी ती बाबांना घेऊन थिएटरवर गेली. पोस्टर दुमजली होतं. बाबांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"काम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कोण आहे हा?"

ती पोट धरून हसली.

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. हिरोची गाडी गर्दीत अडकली होती, म्हणून तो उतरून चालत आला होता. फोन गाडीतच, गळ्याला मफलर. आणि फाटकावरचा गार्ड, याचे सिनेमे बंद पडले तेव्हा पाळण्यात असलेला.

"बाजूला व्हा, आजोबा. हिरो यायचाय."

"अरे, मीच हिरो!"

गार्डनं पोस्टरकडे बोट केलं. "मग हे कोण? तुमचे नातू?"

गर्दी खिदळली. हिरोची नजर भिरभिरत तिच्यावर येऊन थांबली. "हिला विचार! हिनंच केलंय ते!"

"ओळखता का यांना, ताई?"

एका शब्दाचं काम होतं. तिनं आधी पोस्टरकडे पाहिलं, मग हिरोकडे. मुळीच घाई केली नाही.

"चेहरा तर जुळत नाही."

कुणीतरी शिट्टी मारली. हिरोचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात बाबा पुढे सरकले. तिनं बाही धरली, ती सोडवून गेले. केलं वाटोळं, ती मनात म्हणाली. या माणसाला साधं रागावता यायचं नाही.

"सोड त्यांना," बाबा गार्डला म्हणाले. "तेच आहेत."

"कशावरून, काका?"

"यांचा बोर्ड मी रंगवलाय. हनुवटीखाली दोन रेषा आहेत. नसल्या तर खुशाल हाकल." मग ते हिरोकडे वळले. "साहेब, मफलर काढा."

हिरोनं आता त्यांना ओळखलं. त्याचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. आत घंटा झाली. बाबा वाट पाहत उभे होते. त्यांना सवय होती. अखेर हिरोनं मफलर सोडला आणि सगळ्या गर्दीसमोर हनुवटी वर केली.

गार्डनं टॉर्च मारला, वाकून नीट पाहिलं.

"आहेत, काका," तो बाबांना म्हणाला. "दोन्ही आहेत."