निळ्या जोडीचं अंडं

अंडं यंत्राखाली धरून पिल्लाचा रंग आधीच बघायचा आणि हिरवं दिसलं की फेकून द्यायचं, ही हणमंताची खोड गोजराबाईला कधीच पटली नव्हती. लोकांना निळेच लव्हबर्ड हवेत, म्हणायचा. मग देशोदेशी सगळ्यांनी तेच केलं. जगातला शेवटचा हिरवा लव्हबर्ड उन्हाळ्यात तिच्याच पिंजऱ्यात मेला.

आज हणमंता निळ्या जोडीचं सतरावं अंडं तपासत होता.

"एखादं तरी हिरवं निघेल की, आई."

दुसरीपर्यंतच शिकलेल्या गोजराबाईनं चाळीस वर्षं आईबाप बघून पिल्लांचे रंग सांगितले होते. तिनं यंत्र बंद केलं.

"हिरव्याच्या पोटात निळं लपून राहतं, बाबा. निळ्याच्या पोटात हिरवं राहत नाही. हिरवा तुम्ही सगळ्यांनी मिळून संपवलात, आणि त्यात पहिला तू."