फियाटचा जुना आवाज

रहेमानभाईंनी अंगणात फियाटचं इंजिन तिसऱ्यांदा उतरवलं, तेव्हा नूरबानोने कपाळाला हात लावला. पहिल्या वेळी त्यांनी रिंगा बदलल्या होत्या, दुसऱ्या वेळी बेअरिंग, आता व्हॉल्व्ह घासून बसवले. इंजिन पुन्हा गाडीत चढलं, सुरूही झालं. रहेमानभाई बॉनेटवर वाकले आणि त्यांनी हातातलं फडकं फेकून दिलं.

"तो आवाजच नाही. तुला येवल्याहून लग्न करून आणलं, तेव्हा कशी गर्जत आली होती ही! चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता हात गेले माझे. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

ते आत निघून गेले. अफरीन आईजवळ आली. "अम्मी, मी सातपूरला कारखान्यात दिवसभर इंजिनंच तपासते. हे एक नंबर चाललंय गं. अब्बांच्या हातात काही खोट नाही."

"माहीत आहे मला. परवा विचारत होते, आज अजान झाली नाही का म्हणून."

"मग कानाच्या डॉक्टरकडे नेऊ या ना."

"नेऊ की सोमवारी. भंगारवाला उद्याच येतोय." नूरबानोने पाना उचलून लेकीच्या हातात दिला. "सायलेन्सर काढ."

गाडी सुरू झाली तशा गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या, आणि रहेमानभाई अनवाणीच बाहेर धावत आले.

"हाच! हाच तो आवाज! म्हटलं नव्हतं बानो, व्हॉल्व्हच खराब होते!"