पहिला खाडा

पडदा उघडायला तासभर उरला असताना स्टेज मॅनेजरनं सुहासिनीला गाठलं. "लोरेट्टाचा घसा बसलाय. आज तू उभी राहा."

सुहासिनीचा विश्वासच बसेना. लोरेट्टा क्विन ही अमेरिकेतली नावाजलेली नटी. न्यूयॉर्कची रंगभूमी, तीसेक सिनेमे आणि आता लंडन. चव्वेचाळीस वर्षांत तिनं एकही प्रयोग चुकवला नव्हता. पायाचं बोट मोडलं तेव्हाही ती उभी राहिली, नवरा गेला त्या आठवड्यातही. प्रत्येक मुलाखतीत ती हे अभिमानानं सांगायची. अशा बाईची बदली नटी म्हणून सुहासिनी दहा महिने संवाद पाठ करून विंगेत बसत होती.

तिनं लंडनच्या क्रॉयडन उपनगरात वडिलांना फोन लावला. "बाबा, आज मी आहे. मिळेल ती ट्रेन पकडा."

रघुवीर लेले लंडनमध्ये बस चालवून रिटायर झालेले. काचबिंदूनं एक डोळा गेला होता, दुसऱ्याची डॉक्टर फार तर ख्रिसमसपर्यंत खात्री देत होते. त्याआधी लेकीला मोठ्या रंगमंचावर बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. परवा चहा पिताना सुहासिनीनं हे लोरेट्टाला सांगितलं होतं.

नटी बदलल्याची घोषणा झाली तशी प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. काही जण उठूनही गेले. रघुवीर पहिल्या रांगेत पुढे झुकून बसले होते. पहिल्या प्रवेशात सुहासिनीचा आवाज कापत होता. दुसऱ्यात स्थिरावला. तिसऱ्यात आपण बदली म्हणून उभ्या आहोत हेच ती विसरली. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. रघुवीर नुसते बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसायलाही त्यांनी हात वर नेला नाही.

मेकअप न उतरवता सुहासिनी लोरेट्टाच्या खोलीकडे धावली. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, स्वच्छ, खणखणीत. ती दारातच थबकली.

"तुमचा घसा तर ठीक आहे," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एक खाडा नाही, आणि तो माझ्यासाठी केलात?"

लोरेट्टानं फोन खाली ठेवला. तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"माझ्या वडिलांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती," ती हळूच म्हणाली. "ते एकदाही आले नाहीत."